फॅमिलीतली तिघं

सॅम्युएल पीप्स या लंडनमधल्या सरकारी कारकुनानं १ जानेवारी १६६० रोजी रोजनिशी लिहायला घेतली. पहिल्याच नोंदीत तो सांगतो, की आपण ॲक्स यार्डमध्ये राहतो आणि आपल्या ‘फॅमिली’त तीनच माणसं आहेत : तो, त्याची बायको आणि जेन. जेन म्हणजे घरकामाची मुलगी.

या नोंदीचं मराठी करताना मी सहज लिहून गेले, ‘कुटुंबात मी आणि पत्नी, शिवाय एक मोलकरीण.’ वाक्य छान बसलं. दुसऱ्या दिवशी मूळ मजकुराशी ताडून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की पीप्सनं मोजलेली तीन माणसं मी दोन केली होती.

चूक पीप्सची नव्हती. ‘फॅमिली’ हा शब्द लॅटिन ‘फमिलिया’वरून आला, आणि ‘फमिलिया’च्या मुळाशी आहे ‘फम्युलस’, म्हणजे चाकर, गुलाम. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या रोमन बारा पाट्यांच्या कायद्यात तर ‘फमिलिया’चा अर्थ वारसानं घ्यायची इस्टेट असाही होतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला कायदेपंडित उल्पियन या शब्दाचे अर्थ एकेक करून सांगतो : मालमत्ता, एका घरधन्याच्या सत्तेखालची माणसं, एका मूळपुरुषाचे वंशज, गुलामांचा ताफा. शेवटी तो म्हणतो की बाई ही आपल्या फमिलियाचा आरंभही असते आणि अंतही. कारण तिची मुलं नवऱ्याच्या घराण्यात मोजली जात.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास रुजला, तो घरातले नोकरचाकर या अर्थानं. पुढे एका छपराखाली राहणारे सगळेच त्यात आले. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही एका घरात राहणारे हा अर्थ आधी येतो. जॉर्ज वॉशिंग्टन युद्धकाळात आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना ‘फॅमिली’ म्हणे. आईबाप आणि मुलं एवढाच अर्थ मुख्य होऊन बसला तो त्यानंतर. रेमंड विल्यम्सनं ‘कीवर्ड्‌स’ (१९७६) या पुस्तकात या बदलाचा माग काढला आहे. शब्दाचा अर्थ आक्रसला तसे नोकर त्यातून बाहेर पडले. घरातून मात्र ते लगेच गेले नाहीत.

मराठीत ‘कुटुंब’ याहूनही आक्रसलं. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव न घेता ‘आमचं कुटुंब’ म्हणत. अजूनही ‘फॅमिली गावाला गेलीय’ असं ऐकू येतं, आणि गावाला गेलेली असते एकटी बायको.

भारताची जनगणना मात्र पीप्सच्या बाजूची आहे. तिथे घर म्हणजे सहसा एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही.

हे वाचताना मला आमच्या घरची मावशी आठवली. ती आमच्याकडे सोळा वर्षं राहिली. सगळे म्हणत, ‘घरच्यासारखीच आहे.’ त्या ‘सारखी’त काय दडलंय हे मला तेव्हा कळलं नाही. आमच्या रेशनकार्डावर नावं पाच होती, ताटं सहा मांडली जायची, आणि सहावं सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघरात. फोटोंच्या अल्बममध्ये ती कुठेच नाही.

म्हणून जेनला ‘शिवाय’मध्ये ढकलायचं नाही असं ठरवलं. पण पीप्सच्या घरातली चढउतरंड पुसून तिला आजच्या अर्थानं कुटुंबीय करणंही खोटंच झालं असतं; ती पगारावर होती, आणि पुढे त्याच्या हातचा मारही तिनं खाल्ला. शेवटी आपलाच एक जुना शब्द मदतीला आला. आता माझ्या अनुवादात वाक्य असं आहे : ‘बिऱ्हाडात आम्ही तिघंच, मी, माझी बायको आणि कामाला असलेली जेन.’