घारापुरीची होडी कोणत्या काठावरून?

रविवारी सकाळी गेटवेच्या धक्क्यावर घारापुरीच्या लाँचसाठी रांग लागते. तिच्यात वाशी, नेरूळ, बेलापूर आणि खारघरहून आलेली कुटुंबेही असतात. ही मंडळी आधी ठाणे खाडी ओलांडून पश्चिमेला मुंबईत येतात आणि मग तासाभराचा जलप्रवास करून पुन्हा पूर्वेकडे जातात. हा सारा द्राविडी प्राणायाम ज्या बेटासाठी, ते बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. गेटवेपासून ते सुमारे १० किलोमीटरवर आहे आणि न्हावा-शेव्याचा किनारा त्याला याहून पुष्कळ जवळ आहे.

या उलट्या प्रवासाचे कारण भूगोलात सापडत नाही. त्यासाठी निदान अडीचशे वर्षे मागे जावे लागते. खरे तर त्याहूनही मागे.

बेटावर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे, हे सहलीच्या घाईत सहसा ध्यानात येत नाही. लेण्यांसाठी प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून हे स्थळ जहाजांच्या थांब्याचे होते. पूर्वेकडच्या टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. कल्याण, पनवेल, चौल या बंदरांकडे जाणाऱ्या मालाच्या वाटेवर हे बेट पहारेकऱ्यासारखे उभे होते. त्या काळात त्याचे तोंड पूर्वेला, मुख्य भूमीकडे होते. पश्चिमेला तेव्हा कोळ्यांची काही बेटे होती. मुंबई नावाचे महानगर नव्हते.

चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे येथील प्रशस्तीत (इ.स. ६३४) ‘पुरी’ नावाच्या नगरीवर त्याने शेकडो नौकांनिशी केलेल्या स्वारीचा उल्लेख येतो. कवी रविकीर्तीने त्या नौकांना मदोन्मत्त हत्तींची उपमा दिली आहे. कोकणच्या मौर्यांशी जोडली जाणारी ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे मानणाऱ्या अभ्यासकांची परंपरा मोठी आहे. काहींचा कौल दंडा-राजपुरीकडे जातो. घारापुरीच्या बाजूने एक पुरावा नेहमी पुढे केला जातो. बेटावर सापडलेल्या तांब्याच्या एका घटावर संवत ११४३, म्हणजे इ.स. १०८६ चा लेख असून त्यात श्रीपुरीच्या जोगेश्वरी देवीचे नाव आहे. वाद मिटण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. पण अकराव्या शतकातही या बेटाला ‘पुरी’ म्हणून ओळखणारे लोक होते, इतके तरी त्यावरून मानता येते.

मुख्य लेणे बहुतेकांच्या मते सहाव्या शतकाच्या मध्याचे. ते कोणी खोदवले, हे सांगणारा एकही शिलालेख आज जागेवर नाही. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने मिळाली. कारागिरांची मजुरी या नाण्यांत चुकती होत असावी, असा तर्क त्यावरून काही संशोधकांनी केला आणि लेण्याचे श्रेय कलचुरींकडे गेले. राजाचे नाव कोरलेला दगड नाही, मजुरीची सुटी नाणी मात्र आहेत. इतिहासाला कधी कधी अशाच चिल्लरीवर भागवावे लागते.

शिलालेख एके काळी होता, असे पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतो सांगतो. त्याच्या कथनानुसार लेण्यातला एक लेखयुक्त दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. तिथे तो कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. १५३४ मध्ये वसईच्या तहाने हा सारा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. वैद्य गार्सिया द ओर्ता याने हे लेणे पाहिले आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. आत गुरे बांधली जात असल्याची त्याची तक्रार आहे. सैनिकांनी मूर्तींची मोडतोड केल्याचे कोतो नोंदवतो. आज त्रिमूर्ती म्हणून ओळखली जाणारी, सुमारे २० फूट उंचीची सदाशिवाची मूर्ती बरीचशी वाचली; आजूबाजूच्या शिल्पपटांतील हातपाय मात्र गेले.

पोर्तुगीजांचे गलबत बेटाच्या दक्षिणेला, राजबंदरावर लागत असे. तिथे उतरताच समोर काळ्या दगडात घडवलेला एक हत्ती दिसे. सुमारे १३ फूट लांब. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी होता. तो वाघ की हत्तीचे पिल्लू, यावर जुन्या प्रवाशांचे एकमत नाही. या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिले, तेच ‘एलिफंटा’. हे नाव मूळ धक्क्याची आठवण आहे. आजचा पर्यटक वायव्येला शेतबंदरात उतरतो, म्हणून हत्ती कुठे होता हा प्रश्नही त्याला पडत नाही.

१८१४ मध्ये त्या हत्तीचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला पाठवण्याचा बेत झाला, पण उचलताना यारीने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणले गेले. पुढे सुमारे ५० वर्षांनी, १९१४ मध्ये, ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्या बेटाला त्याने नाव दिले तिथे तो नाही, आणि भायखळ्यात त्याच्या शेजारून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे गाव ठाऊक असते.

हत्ती मुंबईला गेला, त्याच्या बरेच आधी बेटच मुंबईचे झाले होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाणे घेतले. साष्टीबरोबर घारापुरीही त्यांच्या हाती आली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी, कारंजा (म्हणजे उरण) आणि हॉग बेट हे कंपनीकडे कायम झाले. समोरचा पनवेल-बेलापूरचा किनारा मात्र १८१७-१८ पर्यंत पेशव्यांच्या राज्यातच राहिला. म्हणजे चाळीसेक वर्षे घारापुरी आणि तिचा शेजारचा किनारा दोन वेगळ्या राज्यांत होते. बेटाची ये-जा मुंबईशी जुळली ती याच काळात. सत्ता बदलली की होडीची दिशा बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे शोधावे लागेल.

सहलीची प्रथाही याच सुमारास रुजली. जर्मन प्रवासी कार्स्टन नीबुर १७६४ मध्येच येऊन शिल्पांची चित्रे काढून गेला होता. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम आली. विल्यम अर्स्किन याने १८१३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे लेण्यांवर विस्तृत निबंध वाचला. मूर्तींची ओळख पटवण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न. विद्वानांच्या मागोमाग हौशी लोक आले. भाड्याची शिडाची होडी, सोबत खानसामा, शिदोरी, लेण्याच्या थंड दालनात जेवण आणि वाऱ्याचा अंदाज घेत परत. पुढे वाफेच्या लाँची आल्या आणि वाऱ्यावरचे अवलंबित्व संपले. १८५३ च्या सुमारास एका लोहाणा व्यापाऱ्याने उत्तरेच्या धक्क्याकडून लेण्यांपर्यंत पायऱ्या बांधून दिल्या. त्या मुख्यतः भाविकांसाठी होत्या. साहेब जिथे फराळाला बसे, तिथेच महाशिवरात्रीला मुंबईचे आणि आसपासचे लोक लिंगपूजेला येत. सहल आणि यात्रा एकाच पाण्यावरून चालत होत्या. पायऱ्या झाल्या आणि राजबंदराची वाट ओस पडली.

नोव्हेंबर १८७५ मध्ये तर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, याच्यासाठी लेण्यातच मेजवानी झाली. खांबाखांबांत दिवे लावून सारे दालन उजळून टाकले होते. त्या दिव्यांचे कौतुक पुढे अनेक वर्षे लिहिले गेले. बेटावरच्या घरांत मात्र वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. मधली वर्षे मोजली तर १४२ भरतात. तोवर ९५० च्या आसपास लोकसंख्येची ही तीन गावे संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भागवत होती. लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली होती. त्या यादीचा उजेड वाड्यांपर्यंत पोचायला ३१ वर्षे लागली. केबल आली ती पूर्वेकडून, न्हाव्याच्या बाजूने. दोन शतके मुंबईकडे पाहणाऱ्या बेटाला वीज अखेर शेजाऱ्याकडूनच मिळाली.

हा शेजारीही दरम्यान ओळखू न येण्याइतका बदलला होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे सूत्र त्यातूनच पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेवा गावचे कोळी उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात हलवले गेले. बंदर आणि भराव यांमुळे मासेमारीची पारंपरिक क्षेत्रे आणि खारफुटी गेल्याची तक्रार घेऊन उरण-पनवेलचे मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. वाद तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. मोराबंदरच्या किनाऱ्यावरून आज समोर दिसतात त्या कंटेनर उचलणाऱ्या अजस्र याऱ्या. या पाण्यात पूर्वी ज्यांची जाळी पडत, त्यांच्यापैकी बेटावरच्या पुष्कळांचा उदरनिर्वाह आता पर्यटकांवर चालतो : टोप्या, कैरी, ताक, डोली, वाटाड्याचे काम.

आणि हे उत्पन्न दिवसापुरते. पर्यटकाला बेटावर रात्री मुक्कामाची परवानगी नाही. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की बेट गावकऱ्यांचे. आजारी माणूस, अडलेली बाळंतीण, पुढच्या शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी यांना मात्र वेळापत्रक बघून गरज पडत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की तेही थांबते.

या पाण्याचा धाक मुंबई परिसराला नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिनाभरावर आले होते. कोकणातल्या कितीतरी घरांनी तो दिवस सुतकात पाहिला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जणांचे प्राण गेले. शंभराहून अधिक प्रवाशांच्या त्या बोटीत सहलीला निघालेली कुटुंबे होती. बचावाला धावलेल्यांत नौदल आणि तटरक्षक दलाबरोबर न्हावा-शेवा बंदराची पायलट बोटही होती. जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असलेच पाहिजे, हा नियम त्यानंतर कसोशीने पाळला जाऊ लागला. तो आधी का पाळला जात नव्हता, याचे उत्तर देणे अवघड नाही, पण ते कोणाच्याच सोयीचे नाही.

नवी मुंबईतून थेट होडी हवी, ही मागणी जुनी आहे. मुळात हे शहर खाडीकाठी वसवताना जलवाहतूक गृहीतच धरली होती. प्रत्यक्षात आधी १९७३ चा वाशी पूल आला, १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोहमार्ग आला, आणि पाणी मागे पडले. नव्वदच्या दशकात हॉवरक्राफ्ट चालवून पाहिली. ती टिकली नाही. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरच्या जेट्टीचे आणि वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाले. घारापुरी हाही तिच्या मार्गांपैकी एक ठरला. नेरूळलाही सिडकोने जेट्टी उभारली. पण वेगवान बोटीचे भाडे साध्या लाँचच्या कित्येक पट, फेऱ्या मोजक्या, आणि पनवेल खाडीत ओहोटीला गाळ वर येतो. मोऱ्याच्या लाँचला भाऊच्या धक्क्याहून येताना ओहोटी जशी नडते, तसेच हे. चार माणसांच्या कुटुंबाला हार्बर लोकलने सीएसएमटीला जाऊन गेटवेची लाँच पकडणे अजूनही परवडते. म्हणून ती उलटी वाट चालू आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जाणारा हा पूल शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येताना घारापुरीच्या उत्तरेने जातो. पण त्याला बेटावर उतरण्याची वाट नाही.

लेणी सोमवारी बंद असतात. नवी मुंबईहून जायचे तर रविवारची गर्दी टाळून शनिवारी सकाळी निघावे, आणि उतरल्यावर थेट पायऱ्या न चढता आधी मोराबंदरच्या बाजूला एक फेरी मारावी. तिथून आपलाच किनारा समोर दिसतो.