अर्ध्या तासात बांधलेले गाठोडे : वळीवड्याच्या पोलिश मातांचे सामान

पेठ वडगाव म्हटले की इतिहासप्रेमींना सेनापती धनाजी जाधवांची समाधी आठवते. ज्या घोडदळाचा सारा संसार खोगिरावर मावत असे, त्याच्या सेनापतीचे हे चिरविश्रांतीस्थान. आता नकाशा उघडा आणि वडगावपासून सरळ दक्षिणेकडे या. जेमतेम १३-१४ किलोमीटरवर, पंचगंगेच्या परिसरात, वळीवडे नावाचे गाव लागते. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

त्यांना आश्रय मिळाला, ही कथा आता बऱ्यापैकी परिचित आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिल्यावर समाजमाध्यमांवर त्याची खूप चर्चा झाली. या धाग्याचा प्रश्न मात्र त्याहून लहान आणि घरगुती आहे. लहान लेकरांना घेऊन देश सोडताना या बायकांनी बरोबर काय घेतले?

आज परदेशी निघालेले कुटुंब २३ किलोची बॅग वजनकाट्यावर ठेवते आणि लोणच्याची बरणी काढावी की मुलाचा स्वेटर, यावर नवरा-बायकोत वाद होतो. या वादाला निदान आठवडाभर मिळतो. जायचे कोठे, तेथे थंडी किती, दुकाने कशी, हे ठाऊक असते. वळीवड्याच्या बायकांना यांतले काहीच ठाऊक नव्हते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेला. नव्या सत्तेला धोकादायक वाटणाऱ्या कुटुंबांना उचलून सायबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानात नेण्याचे ठरले. हद्दपारीच्या चार मोठ्या लाटा आल्या. पहिली लाट १० फेब्रुवारी १९४० ची. तिच्यात सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. सैनिकी सेवेबद्दल जमीन मिळालेले शेतकरी आणि वनरक्षक यांची कुटुंबे हे तिचे मुख्य लक्ष्य होते.

येथे कागद आणि आठवण यांचा एक विलक्षण सामना दिसतो.

डिसेंबर १९३९ अखेर मंजूर झालेल्या सोव्हिएत नियमावलीत या कुटुंबांना काय नेता येईल, याची यादीच आहे. कपडे, पादत्राणे, अंथरूण-पांघरूण, भांडी, अन्न, शेतीची व घरची लहान अवजारे, पैसे, दागिने आणि ते भरायला पेटी. एकूण वजन कुटुंबामागे ५०० किलोपर्यंत. कागदावर पाहिले तर आजच्या विमान कंपन्यांपेक्षा उदार!

आठवणी वेगळे सांगतात. पहाटेच्या अंधारात दारावर बंदुकीच्या दस्त्यांचे ठोके. घरात शिरलेले एनकेव्हीडीचे लोक, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस. पुरुषाला भिंतीशी उभे केलेले, मुले रडत उठलेली आणि आईला मिळालेला अवधी कधी अर्धा तास, कधी एक, क्वचित दोन. बाहेर हाडे गोठवणारा हिवाळा आणि स्टेशनापर्यंत न्यायला एक घसरगाडी, म्हणजे बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी. तिच्यावर आधी मुले बसवायची आणि उरलेल्या जागेत संसार. ५०० किलोची परवानगी आणि अर्धा तास ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. तरुण अभ्यासकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारी दप्तर खोटे नसतानाही अपुरे असू शकते.

मग अर्ध्या तासात काय उचलले गेले? पुढे वृद्ध झालेल्या मुलांनी लिहिलेल्या आठवणींत काही वस्तू पुन्हापुन्हा येतात. पिसांच्या जाड दुलया. पिठाचे पोते. खारवलेली डुकराची चरबी, जी हिवाळाभर टिकते. पाव. चेन्स्तोहोवाच्या माउलीची तसबीर. लग्नाचे आणि मुलांच्या बाप्तिस्म्याचे फोटो. आणि ज्यांना सुचले व ज्यांच्या गाडीवर जागा होती, त्यांनी घेतलेले शिवणयंत्र.

सारेच शहाणपणाने घेतले गेले असे मुळीच नाही. कितीतरी बायका सुन्न होऊन खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि सामान दुसऱ्या कुणीतरी बांधले. काही ठिकाणी हे बांधणारे हात चक्क शिपायांचे होते. जेथे जायचे आहे तेथे सर्व काही मिळेल, असे सांगणारे शिपाई होते, तसेच हळूच ‘गरम कपडे घे, कुऱ्हाड आणि करवत घे’ असे सुचवणारेही होते. दुसऱ्या प्रकारच्या शिपायाला सायबेरिया ठाऊक होता. तेथे लाकूड तोडता आले तरच चूल पेटते. एखाद्या कुटुंबाचे जगणे-मरणे दारावर कोणता शिपाई आला, यावरही अवलंबून राहिले.

यानंतर मालगाडीचे डबे. मध्ये लोखंडी शेगडी, कडेला फळ्यांचे माळे आणि आठवडेच्या आठवडे प्रवास. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे वाटेतच दगावू लागली.

दुसरी लाट एप्रिल १९४० ची, आणि सामानाच्या दृष्टीने तीच सर्वांत भयंकर.

१३ एप्रिलला सुरू झालेल्या या मोहिमेत सुमारे ६१ हजार माणसे कझाकस्तानात गेली. ही होती आधीच अटकेत असलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांची, पोलिसांची, सरकारी नोकरांची कुटुंबे. म्हणजे मुख्यतः बायका आणि मुले. बांधाबांध करायला घरात कर्ता पुरुष नव्हताच. अनेकींना सांगण्यात आले की तुम्हाला तुमच्या नवऱ्याकडे नेत आहोत. म्हणून त्यांनी नवऱ्याचे कपडेही घेतले. त्याचा ओव्हरकोट, बूट, लोकरीचे सदरे. मुलांच्या वाट्याची जागा कमी करून घेतले.

ज्या आठवड्यांत हे ओव्हरकोट गाठोड्यांत बांधले जात होते, त्याच आठवड्यांत ते घालणारे पुरुष मारले जात होते. ५ मार्च १९४० च्या सोव्हिएत निर्णयानुसार सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. इतिहासात हे कातिन हत्याकांड म्हणून ओळखले जाते. बायकांना याचा पत्ता नव्हता. त्या कझाकस्तानच्या गवताळ माळावर पत्राची वाट पाहत राहिल्या.

माळावर पैशाला फारशी किंमत नव्हती. व्यवहार वस्तूंच्या अदलाबदलीचा होता. शेजारच्या कझाक किंवा रशियन घरी जायचे, चादर द्यायची आणि बटाटे आणायचे. झगा देऊन पीठ, घड्याळ देऊन थोडे दूध. ज्या गाठोड्यात विकाऊ कापड जास्त, त्या घरातली मुले जास्त काळ तगली. शिवणयंत्राची गोष्ट आणखी निराळी. ते विकून टाकण्याऐवजी सामुदायिक शेतावरच्या बायकांचे कपडे शिवून दिले की पुन्हापुन्हा पीठ मिळे. तसबीर आणि फोटो यांना बाजारात मोल नव्हते, त्यामुळे शेवटपर्यंत उरले ते तेच. नवऱ्याचा ओव्हरकोट मात्र आई शक्य तितका राखून ठेवी. तो विकला गेला तो दिवस मुलांना पुढे आयुष्यभर आठवे, कारण त्या दिवशी आईने काय मान्य केले ते त्यांनाही उमजले होते.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि राजकारण उलटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि हद्दपार पोलिशांची सुटका जाहीर झाली. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. ते जेथे, तेथे अन्न आणि संरक्षण मिळेल या आशेने बायका-मुले हजारो किलोमीटर दक्षिणेकडे निघाली. पुन्हा बांधाबांध, पण आता बांधायला फार थोडे उरले होते.

१९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये सुमारे १ लाख १५ हजार सैनिक व नागरिक सोव्हिएत संघातून इराणला पोहोचले. त्यांत सुमारे १८ हजार मुले होती. बहुतेकांची वाट कॅस्पियन समुद्रातून गेली. क्रास्नोव्होद्स्क बंदरावर जहाजांत माणसेच मावेनात, तेव्हा उरलेसुरले सामान धक्क्यावरच टाकावे लागले. आणि पलीकडे, इराणच्या पहलवी बंदराच्या वाळूवर, जे हातात होते तेही गेले.

कारण उवा होत्या आणि उवांबरोबर टायफस. छावणीचे दोन भाग केलेले होते, एक अस्वच्छ आणि एक स्वच्छ. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अंगावरचे कपडे उतरवून ते जाळायचे, डोके भादरायचे, अंघोळ करायची आणि दान आलेले कपडे घालायचे. दोन वर्षे ज्या दुलईने मूल वाचवले ती दुलई आगीत गेली. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय अचूक होता आणि त्याने असंख्य जीव वाचवले. तरीही त्या आगीपाशी उभ्या असलेल्या बाईची कल्पना करून पाहावी.

इराणातून कराची, कराचीहून पुढे आणि १९४३ च्या मध्यावर कोल्हापूर संस्थानातील वळीवडे. तेव्हा छत्रपती अल्पवयीन होते आणि महाराणी ताराबाई यांच्या रीजन्सीखाली कारभार चाले. त्याआधीच, १९४२ मध्ये, नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश अनाथ मुलांसाठी छावणी उघडली होती. तेथील मुले पुढे १९४६ मध्ये वळीवड्यालाच आली.

वळीवड्यात कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. शाळा, चर्च, दवाखाना, टपाल कचेरी, बाजार, स्काउटची पथके. बाजारातले कोल्हापूरकडचे दुकानदार कामापुरती पोलिश बोलू लागले. बराकीसमोर बायकांनी फुलझाडे लावली. क्राकोव्हचे भरतकाम केलेले पोशाख बरोबर आणणे कुणालाही शक्य नव्हते, तेव्हा नाचाच्या कार्यक्रमांसाठी ते स्मरणातून पुन्हा शिवले गेले. नमुना डोक्यात होता, कापड इथले होते.

पण एक गोष्ट वळीवड्याच्या उंबरठ्यावरच त्यांच्यापर्यंत पोहोचली. १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन रेडिओने कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक दफनस्थळे सापडल्याचे जाहीर केले. एप्रिल १९४० च्या हद्दपारीला त्याच तारखेला तीन वर्षे पूर्ण होत होती. ज्या ओव्हरकोटाचे पीठ झाले, तो घालणारा आता येणार नाही, ही शंका त्या बातमीनंतर कितीतरी बराकींत राहायला आली.

युद्ध संपले आणि पुन्हा निघायची वेळ आली. या वेळी अर्धा तास नव्हता, महिने होते. अडचण दुसरीच होती. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहणार हे ठरले, म्हणजे यांची मूळ गावे पोलंडमध्ये उरलीच नाहीत. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. काय न्यावे हे ठरवण्याआधी कोठे न्यावे हे ठरवायचे होते, आणि उत्तर आईवर अवलंबून होते. थोडी कुटुंबे कम्युनिस्ट पोलंडला परतली. आंदेर्स यांच्या सैन्यात नवरा, भाऊ किंवा मुलगा असेल तर १९४७ च्या कायद्याने ब्रिटनचे दार उघडे होते. असा कुणी पुरुष नसलेल्या काही जणी पूर्व आफ्रिकेतील पोलिश छावण्यांकडे गेल्या, काही ऑस्ट्रेलियाला, काही अन्यत्र. म्हणजे कातिनची विधवा येथे पुन्हा मागे पडली.

सामान बांधताना एक अगदी साधी पंचाईत होती. सहा वर्षांची आलेली मुलगी आता अकरा वर्षांची झाली होती आणि तिचे सारे कपडे कोल्हापूरच्या उन्हाला साजेसे सुती होते. मोमबासाला जाणारीला ते पुरेसे होते. इंग्लंडच्या हिवाळ्याला जाणारीला नाही. सायबेरियातून वाचलेल्या आईला लोकरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नव्हते. चेन्स्तोहोवाची तसबीर मात्र सर्व दिशांना गेली.

१९४८ मध्ये छावणी रिकामी झाली, पण बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर, सिंधी कुटुंबे जहाजांतून मुंबईकडे येऊ लागली होती. पोलिश मुले ज्या कराचीतून भारतात उतरली, त्याच कराचीच्या धक्क्यावर आता निघणाऱ्यांच्या पेट्यांची झडती होत होती. दागिने कोठे लपवावेत, लहान मुलाच्या अंगावर कपड्यांचे किती थर चढवावेत, हा हिशेब सिंधी आयांनीही केला. त्यांतली अनेक कुटुंबे वळीवड्याच्या बराकींत आली आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले.

या कुटुंबांनी कापडाचा व्यापार उभारला. गांधीनगरची घाऊक कापडपेठ आज जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे आणि पंचक्रोशीतली कितीतरी कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला तेथेच जातात.