तासांचा जमाखर्च

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या शिक्षकाला संध्याकाळी विचारले, तर तो म्हणेल, ‘दुपारभर तपासत होतो.’ त्या दुपारीत चहा झाला, शेजारचे येऊन गेले, दोनदा टेलिफोन वाजला. मग प्रत्यक्ष तपासणी किती वेळ झाली? हा प्रश्न एका रशियन कीटकशास्त्रज्ञाने स्वतःला विचारला आणि पुढची ५६ वर्षे त्याचे उत्तर रोज लिहून ठेवले.

त्यांचे नाव अलेक्झांडर ल्युबिश्चेव (१८९०–१९७२). १ जानेवारी १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, त्यांनी वेळेचा हिशेब लिहायला सुरुवात केली. रोजनिशीत भावना नाहीत, मते नाहीत. काम कोणते आणि त्याला किती तास-मिनिटे लागली, एवढेच. महिन्याअखेर बेरीज, वर्षाअखेर ताळेबंद आणि पुढच्या वर्षासाठी अंदाजपत्रक. एखादा लेख पुरा झाला, की त्याला एकूण किती वेळ लागला हेही ते सांगू शकत.

या पद्धतीतली खरी खुबी वेळेचे ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ असे दोन भाग करण्यात आहे. मध्ये गेलेला वेळ ते कटाक्षाने वजा करीत. अशी वजाबाकी केली, की भल्याभल्यांचा दिवस आक्रसतो. पण म्हणून ल्युबिश्चेव कामाला जुंपलेले यंत्र होते असे कोणी समजू नये. ते दिवसाला सुमारे दहा तास झोपत, थकवा आला की काम थांबवीत आणि तातडीची कामे अंगावर घेत नसत. प्रवासातला वेळ मात्र वाया जाऊ देत नसत. इंग्रजीचा बराच अभ्यास त्यांनी अशा फुटकळ वेळातच केला. १९५० ते १९५५ या काळात ते उल्यानोव्स्क येथील अध्यापक महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. लायसेन्कोच्या अवैज्ञानिक जीवशास्त्रावर टीका करणे धोक्याचे होते, त्या काळात त्यांनी ती सविस्तर लिहून काढली. दानिईल ग्रानिन यांनी १९७४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे सामान्य वाचकांना हा माणूस कळला.

घड्याळ लावून काम मोजणे ही काही त्यांची मूळ कल्पना नव्हे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी पोलाद कारखान्यात स्टॉपवॉच नेले होते. त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९११ चे. खुद्द मॉस्कोत १९२३ साली प्लाटोन केर्झेन्त्सेव यांनी ‘वेळ संघ’ काढला. त्याचे सभासद आपला दिवस छापील कार्डांवर नोंदवीत आणि सभेला उशिरा येणाऱ्यांची हजेरी घेत! ती चळवळ काही वर्षांतच विरली. टेलरचे घड्याळ मुकादमाच्या हातात होते, केर्झेन्त्सेवचे संघटनेच्या. ल्युबिश्चेवचे स्वतःच्या खिशात राहिले. ते १९७२ पर्यंत का चालले, याचे एक कारण आम्हाला यात दिसते.

आता वहीकडून संगणकाकडे येऊ. अ‍ॅम्स्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डोमिनिक यांनी २००३ मध्ये आपल्या टिपणांसाठी ‘ऑर्ग-मोड’ नावाचे साधन लिहिले. पुढे त्यात वेळनोंदीची सोय आली. कामाच्या मथळ्याखाली सुरुवातीची वेळ आणि शेवटची वेळ साध्या मजकुरात उमटते : १०.२० ते ११.०५, म्हणजे ४५ मिनिटे. एक आज्ञा दिली की सर्व ओळी चाळल्या जातात, हव्या त्या तारखांमधल्या निवडल्या जातात आणि मथळ्यांनुसार बेरजेचा तक्ता तयार होतो. निवड, वजाबाकी, वर्गवारी, बेरीज. ल्युबिश्चेव महिन्याअखेरीस हेच हाताने करीत.

सगळी सॉफ्टवेअर असे करीत नाहीत. कित्येक फक्त उरकलेली कामे मोजतात. २००७ साली निघालेल्या ‘टूडूइस्ट’मध्ये कामे पुरी केल्याबद्दल गुण मिळतात आणि त्या गुणांना नाव आहे ‘कर्म’! यात एक मेख आहे. ‘खडू आणणे’ हेही एक काम आणि ‘प्रश्नपत्रिका काढणे’ हेही एकच. नुसती संख्या मोजली, तर खडू आणणारा दिवस मोठा ठरतो. एकक कोणते, हा प्रश्न प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्याला आधी विचारतो. स्वतःच्या दिवसाबाबत विसरतो.

आम्ही प्रयोगशाळेतल्या काही सहकाऱ्यांनी मिळून असा हिशेब ठेवून पाहिला. पहिल्या महिन्यातच कळले, की ‘दिवसभर शोधनिबंध लिहिला’ या दिवसाचे निव्वळ लेखन तीन तासांच्या आसपास असते. लाज वाटली, पण उपयोग झाला. मुदतींचे आमचे अंदाज सुधारले. मग वरून सूचना आली, की हे तक्ते वार्षिक अहवालाला जोडावेत. त्यानंतरच्या नोंदी पाहण्यासारख्या आहेत. ३७ मिनिटे, ५२ मिनिटे असले आकडे नाहीसे झाले आणि सर्वत्र अर्धा तास, एक तास, दोन तास दिसू लागले. कोणी उघड खोटे लिहिले नाही. पण त्या नोंदींतून आम्हाला स्वतःविषयी काही कळेनासे झाले. वर्षभरात आम्ही तक्ते जोडणे बंद केले. दोघे-तिघे अजून खाजगीत नोंदी ठेवतात.

आणि ल्युबिश्चेव यांना या खटाटोपातून काय मिळाले? १९१८ मध्येच त्यांनी सजीवांची नैसर्गिक वर्गीकरणपद्धती शोधण्याचे ध्येय ठरवले होते. ते पुरे झाले नाही. मात्र मोजण्याची सवय भुंगेऱ्यांपर्यंत गेली. मागच्या पायांवर टुणकन उडी मारणाऱ्या उडद्या भुंगेऱ्यांच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या तीन जाती ओळखायच्या कशा, यावर त्यांनी ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात १९६२ मध्ये, वयाच्या बहात्तरीत, निबंध लिहिला. त्यातले ७४ भुंगेरे आणि प्रत्येकाची सहा मोजमापे आजही संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरबरोबर सरावासाठी येतात. जगभरचे विद्यार्थी त्यांचे आलेख काढतात. ती मोजणाऱ्याच्या वह्यांची त्यांतल्या बहुतेकांना कल्पना नसते.

या लेखाला, आमच्या नोंदीनुसार, निव्वळ ४ तास १० मिनिटे लागली. त्यातली ५० मिनिटे ग्रानिनचे पुस्तक कोणाकडे गेले आहे ते शोधण्यात गेली.