सैतानाच्या नखांचे ओरखडे

जुनी जपानी स्पोर्ट्‌स मोटार हौसेने पुन्हा उभी करणारे लोक माझ्दा आरएक्स-७ चे एंजिन उघडतात, तेव्हा रोटरच्या टोकांवरील बारीक पट्ट्यांची झीज मोजतात आणि भोवतीच्या कवचाची आतली भिंत निरखतात. या सवयीमागे एक इतिहास आहे.

वांकेल एंजिनात दट्ट्याऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन टोकांवरील पट्ट्या वायूंना अडवून धरतात. १९६१ मध्ये हिरोशिमाच्या या कंपनीने जर्मनीच्या एनएसयूकडून या एंजिनाचा परवाना घेतला. चाचण्यांत मात्र भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटू लागले. अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या गटाला कारण सापडले: भिंतीवर घासताना पट्टी आपल्या स्वाभाविक वारंवारतेने थरथरत होती. पट्टीला उभी-आडवी भोके पाडून त्यांनी ती वारंवारता बदलली, आणि ओरखडे थांबले. पुढे कार्बन व ॲल्युमिनियमची पट्टी तयार झाली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली.

हे वर्गात कसे दाखवावे? आम्ही खडूच सुचवू. तो फळ्यावर टेकवून पुढे ढकलला, की किरकिरतो आणि तुटक रेघ उमटते. मोडून आखूड केला, की आवाज बदलतो. हिरोशिमातले कोडे याच जातीचे होते, आणि त्याचे उत्तरही.