निरपेक्ष चाकाची कुळकथा

नागपंचमीला आमच्या बेलापुरात निंबाच्या फांदीला झोका बांधला की पहिला हेलकावा मागून कुणीतरी द्यायचा. पुढचं झोक्यावर उभी असलेली पोर बघून घेते. गुडघे वाकवते, दोर ताणते आणि झोका चढवत नेते. कुणी ढकलत नाही, तरी तो उंच जातो. तीच पोर प्रवरेतल्या होडीत बसून कितीही झुलली आणि वल्हं मात्र मारलं नाही, तर पैलतीर काही येत नाही. झोक्याला फांदीचा आधार असतो, फांदीला झाडाचा, झाडाला पृथ्वीचा. हे आधार डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून झोका आपला आपण चढला असं वाटतं.

अवकाशात फांदी नाही. तिथे पुढे जायचं तर काहीतरी मागे फेकावं लागतं, आणि जे फेकायचं ते घरूनच न्यावं लागतं. 2013 साली निघालेल्या मंगळयानाचं वजन सुमारे 1337 किलो होतं. त्यातलं 852 किलो नुसतं इंधन. म्हणून काहीही मागे न फेकता पुढे नेणारं इंजिन हवं, ही इच्छा मला कधीच वेडगळ वाटली नाही. तिचं कूळ मोठं आहे, आणि त्याची एक शाखा आपल्याच मुलखात आहे.

श्रीरामपुरातल्या स्टेशनाला अजून आमच्या गावाचं, बेलापूरचं नाव आहे. तिथून गाडीनं मनमाड, मनमाडहून चाळीसगाव, आणि पुढे डोंगराच्या कुशीत पाटण. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ स्थापला. त्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. तो वाचून जगापुढे आणला भाऊ दाजी लाड यांनी. या भास्कराचार्यांनी 1150 साली पुऱ्या केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायातल्या यंत्रांच्या प्रकरणात, स्वयंवह यंत्र सांगितलं आहे. हलक्या लाकडाचं चाक करायचं. त्याला सारख्या अंतरावर, जरा तिरकस, पोकळ आरे बसवायचे, ते पाऱ्यानं अर्धे भरून तोंडं बंद करायची आणि चाक दोन खांबांवर ठेवायचं. ते आपोआप फिरेल, असं ते लिहितात. कल्पना त्यांच्याही आधीची: 628 सालच्या ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात पाऱ्याचं चाक आहे. मला खिळवून ठेवतो तो भास्कराचार्यांचा एक निवाडा. बाहेरच्या पाण्यावर विसंबणारं चाक त्यांना कमी प्रतीचं वाटतं, कारण ते सापेक्ष. त्यांना हवं होतं निरपेक्ष चाक.

ते चाक फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब असतो खरा, पण दुसऱ्या बाजूला जवळचा पारा जास्त असतो. दोन्हींचा हिशेब मिटतो आणि चाक थांबतं. तरी हा विचार अरबी ग्रंथांत दिसतो आणि तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूरच्या चित्रवहीतही. 1775 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं असे दावे तपासणंच बंद केलं.

कूळ मात्र खुंटलं नाही. 1959 साली नॉर्मन डीन या अमेरिकनानं, काहीही मागे न फेकता पुढे सरकतं असा दावा असलेल्या, फिरत्या वजनांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. जॉन कॅम्पबेल या विज्ञानकथांच्या संपादकानं त्याचा हिरिरीनं पुरस्कार केला. जमिनीवर अशी यंत्रं सरकू शकतात, कारण हळू धक्क्याला घर्षण त्यांना धरून ठेवतं आणि जोराच्या धक्क्याला सोडतं. इथे जमीन हीच फांदी.

पुढे 2001 पासून इंग्लंडच्या रॉजर शॉयर यांनी एमड्राइव्ह मांडलं: एका टोकाला निमुळतं, बंद तांब्याचं भांडं, आत सूक्ष्मलहरी. 2016 च्या शेवटी नासाच्या एका छोट्या गटानं निर्वात कक्षात दर किलोवॅटला 1.2 मिलिन्यूटन रेटा मोजल्याचा निबंध छापला. किलोवॅटभर प्रकाश नुसता मागे सोडला, तर मिळतो त्याच्या साडेतीनशे पटींहून जास्त! पण हिशेब करून पाहा. हा रेटा कायम राहिला, तर सेकंदाला साधारण 830 किलोमीटर वेगानंतर ते यंत्र खाईल त्या विजेपेक्षा जास्त काम देऊ लागेल. म्हणजे आपण पुन्हा पाऱ्याच्या चाकापाशी.

ड्रेस्डेनच्या मार्टिन ताजमार यांच्या गटानं मात्र नुसत्या हिशेबावर निकाल दिला नाही. त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. 2018 मध्ये त्यांना दिसलं की भांड्यात लहरी जवळजवळ पोहोचू दिल्या नाहीत, तरी रेटा तेवढाच येतो. विजेच्या तारा आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांचा तो खेळ असावा. 2021 मध्ये उरलेलंही उलगडलं. यंत्र तापत होतं, तराजूवरची त्याची बांधणी वाकडी होत होती आणि काटा सरकत होता. टांगण्याची पद्धत बदलली आणि रेटा गेला. ही चिकाटी मला आशेचंच रूप वाटते. खोटंच आहे असं धरून बसलेला माणूस फांदी शोधायला एवढा वेळ देत नाही.

आणि इंधनावाचून जाणारी यानं आहेत. 2010 साली जपाननं इकारोस सोडलं. त्याचं 14 मीटर बाजूचं, केसाहून पातळ शीड सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर चाललं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते शुक्राजवळून गेलं. 2019 मध्ये लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या लाइटसेल 2 नं आपल्या 32 चौरस मीटरच्या शिडावर कक्षेचं दूरचं टोक सुमारे दोन किलोमीटर उचललं. भास्कराचार्यांच्या भाषेत ही दोन्ही यंत्रं सापेक्ष: ऊन नसेल तर रेटा नाही.

यंदाचा झोका बांधला की निंबाखालच्या पोरांना मी दोराकडे नाही, वर फांदीकडे बघायला सांगणार आहे. झोका चढतो तेव्हा तीही लवते.