दाराची किल्ली

घर शोधताना नाव सांगताच फोन बंद होण्याचा अनुभव मलाही आहे. म्हणून अलेक्झांडर स्टुअर्टची गोष्ट मनात राहिली. आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेल्या या कापड व्यापाऱ्याने १८६९ मध्ये लाँग आयलंडवर सुमारे ७,००० एकर माळरान एकरी ५५ डॉलरने घेऊन 'गार्डन सिटी' वसवली. रेल्वे आणली, रस्ते केले. घरं मात्र विकली नाहीत, भाड्यानेच दिली. १८७६ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या इस्टेटीतल्या साराटोगाच्या हॉटेलात कारभारी हेन्री हिल्टनने जोसेफ सेलिगमन या ज्यू बँकरला खोली नाकारली. सेलिगमनही जर्मनीहून आलेला स्थलांतरितच. बाहेरून आलेला माणूस गाव वसवतो. पण दार कोणासाठी उघडायचं, हे किल्ली ज्याच्या हाती, तोच ठरवतो.