झाकली मूठ, ऐंशी तास

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०१९, संध्याकाळ

वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसची बैठक. निकाल लागून महिना होत आलेला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, आणि १२ तारखेपासून राष्ट्रपती राजवट. बाहेर येऊन शरद पवार सांगतात, मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत आहे. राष्ट्रवादीचे विधिमंडळ पक्षनेते अजितदादा पवारही बैठकीत होते.

पुणे जिल्ह्यातल्या केंदूर गावाला हा विषय लांबचा नव्हता. गावाचा तालुका शिरूर, पण मतदान आंबेगावात. मतदारसंघांच्या फेररचनेत शिरूरची ३९ गावं तिकडे जोडली गेली. आमदार दिलीप वळसे-पाटील, एकेकाळचे शरद पवारसाहेबांचे स्वीय सहायक. म्हणजे राष्ट्रवादीच्या त्या ५४ आमदारांमधला एक केंदूरचा.

शनिवार, २३ नोव्हेंबर, पहाटे ५.४७

राष्ट्रपती राजवट उठते. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नाही. कामकाज नियमावलीतल्या नियम १२ खाली पंतप्रधान आपल्या अधिकारात निर्णय घेतात, मंजुरी मागाहून. हा नियम अत्यंत निकडीच्या प्रसंगासाठी आहे. त्या पहाटे निकड कसली होती, ते मला तरी अजून उमगलेलं नाही.

सकाळी ८ च्या सुमारास. उरले ८० तास

राजभवनात राज्यपाल भगतसिंह कोश्यारी शपथ देतात: मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, उपमुख्यमंत्री अजित पवार. त्याच सकाळच्या पेपरात ‘उद्धव ठाकरे मुख्यमंत्री’ असे मथळे. गावोगावी लोक डेअरीला दूध घालून घरी परतले तोवर पेपर शिळा झाला होता.

पवारसाहेबांचं ट्वीट येतं: हा अजित पवारांचा वैयक्तिक निर्णय आहे, पक्षाचा नाही. त्यांच्या कन्या सुप्रियाताई सुळे यांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर पक्ष आणि कुटुंब फुटल्याचं दिसतं.

दुपारी १२.३०. उरले ७५ तास

यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पवार आणि ठाकरे एकत्र पत्रकारांसमोर. राजभवनात हजर असलेले काही आमदार आता इथे बसलेत. बुलढाण्याकडचे राजेंद्र शिंगणे सांगतात, दादांचा फोन आला, सकाळी सातला धनंजय मुंडेंच्या बंगल्यावर बोलावलं, तिथून थेट राजभवनात नेलं. शपथविधी आहे याची कल्पनाच नव्हती.

सगळी मेख सह्यांच्या यादीत होती. पक्षाच्या कामासाठी ५४ आमदारांच्या सह्या घेतलेल्या. गटनेता म्हणून यादी दादांच्या हाती. पवारसाहेबांचं म्हणणं असं की, तीच पाठिंब्याचं पत्र म्हणून राज्यपालांकडे गेली. सह्या खऱ्या, कशासाठी केल्या तेवढं बदललं. सोसायटीच्या कर्जावर जामीनदार राहिलेल्या कुणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

त्या संध्याकाळी राष्ट्रवादीने दादांना गटनेतेपदावरून काढलं आणि अधिकार प्रदेशाध्यक्ष जयंत पाटलांकडे दिले. मात्र पक्षातून काढलं नाही. परतीची वाट उघडी ठेवली, आणि माझ्या मते डाव तिथेच निम्मा फिरला.

रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०. उरले ५२ तास

तिन्ही पक्षांच्या याचिकेवर सुट्टीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालय बसतं. न्यायमूर्ती रमणा, अशोक भूषण आणि संजीव खन्ना. बहुमत कुठल्या पत्रांवर मानलं, ती उद्या सकाळी दाखवा, एवढंच ते सांगतात. दुपारी दादांचं ट्वीट: मी राष्ट्रवादीतच आहे आणि पवारसाहेबच आमचे नेते. साहेब लगेच खोडून काढतात. समजूत काढायला पक्षाचे नेते ये-जा करत राहतात.

सोमवार, २५ नोव्हेंबर

न्यायालयात पत्रं सादर होतात, निकाल मंगळवारवर जातो. इकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सिंचन घोटाळ्याच्या नऊ चौकशा बंद करतो. दादांशी त्यांचा संबंध नाही, असं विभागाचं म्हणणं. केंदूरकरांना सिंचन म्हणजे थिटेवाडीच्या बंधाऱ्यात पाणी येणार की नाही, वेळ नदी फेब्रुवारीपर्यंत टिकणार की नाही, कळमोडीचं पाणी कधी मिळणार. फाईल उघडली काय नि मिटली काय, इथे टँकरची वाट बघणं चुकत नाही.

संध्याकाळी ७. उरले २१ तास

ग्रँड हयात हॉटेल. ‘आम्ही १६२’ असा फलक, तिन्ही पक्षांच्या आमदारांची रांग, सामूहिक शपथ. आमदार असे हॉटेलात ठेवलेले दिसले की फिजी आठवतं. प्रशांत महासागरातल्या त्या देशात १९ मे २००० ला जॉर्ज स्पाईट बंदूकधारी घेऊन संसदेत घुसला होता आणि पंतप्रधान महेंद्र चौधरींना ५६ दिवस ओलीस धरलं होतं.  आपल्याकडे बंदूक लागत नाही. आमदार आपल्या पायांनी हॉटेलात जातात आणि बिल कुणी भरलं हे विचारायचं नसतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर, सकाळी १०.३०. उरले साडेपाच तास

न्यायालयाचा आदेश: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा, हंगामी अध्यक्षांसमोर. मतदान गुप्त नाही, चित्रीकरण थेट दाखवायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आता ती कॅमेऱ्यासमोर उघडायची होती. गुप्त मतदान असतं तर काही जणांची हिंमत झाली असती. गावच्या टीव्हीवर आपलं तोंड दिसणार म्हटल्यावर कोण उठणार?

दुपारी

दादा राजीनामा देतात. साडेतीनला फडणवीस पत्रकारांसमोर येतात: अजित पवारांनी वैयक्तिक कारणं देऊन राजीनामा दिला, आमच्याकडे बहुमत उरलेलं नाही. मग ते राजभवनाकडे निघतात. चारच्या सुमारास सरकार संपतं.

पुढे

२८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी. ३० ला नव्या सरकारच्या बाजूने १६९ मतं. भाजपचे आमदार सभात्याग करून गेलेले. त्या दिवशी हंगामी अध्यक्षांच्या खुर्चीत बसून मतं मोजून घेणारे होते केंदूरचे आमदार वळसे-पाटील. महिनाभराने दादा पुन्हा उपमुख्यमंत्री झाले, या वेळी ठाकरेंचे.

२ जुलै २०२३ ला अजितदादांनी साहेबांची साथ सोडून पुन्हा शपथ घेतली, भरदुपारी, आणि त्यांच्या मागोमाग वळसे-पाटलांनीही. २०१९ ला आंबेगावातून साठ हजारांहून जास्त मतांनी निवडून आलेले वळसे-पाटील २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचे देवदत्त निकम यांच्यापुढे जेमतेम दीड हजार मतांनी वाचले.